रंगीत तांदळातील द्रव्ये आणि त्वचेचे वय : कोरगुट, काळा तांदूळ की क्रीम?

अबोली, फोंडा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमच्या घरी पूर्वापार उकड्या तांदळाची पेज आणि भात आहे. सासूबाईंच्या माहेरून, तिसवाडीतल्या खाजन (नदीच्या खाऱ्या पाण्याकाठी बांध घातलेल्या) शेतातून, वर्षाला एखादे पोते कोरगुट हा तांबडा तांदूळ येतो आणि ते संपले की बाजारातले उकडे तांदूळ घेतो. गेल्या महिन्यात धाकट्या जाऊबाईंनी एका प्रदर्शनातून मणिपूरच्या काळ्या तांदळाचे पाकीट आणि त्याच तांदळाच्या अर्काचे म्हणून विकले जाणारे एक क्रीम आणले. क्रीमच्या वेष्टनावर ‘अँथोसायनिनयुक्त, सुरकुत्यांना आळा घालणारे’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. पन्नास ग्रॅमच्या डबीला दीड हजार रुपये मोजले, हे ऐकून सासूबाईंनी जो चेहरा केला त्याचे वर्णन इथे करीत नाही.

मी पंचेचाळिशी ओलांडली आहे, गालांवर वांगाचे डाग आहेत आणि डोळ्यांच्या कडांना रेषा दिसू लागल्या आहेत. त्यामुळे कुतूहल आहे, पण विश्वास बसत नाही. तांदळाच्या रंगात त्वचेला तरुण ठेवणारे काही खरोखरच असते काय? असल्यास ते आमच्या तांबड्या कोरगुटातही असते, की त्यासाठी काळाच तांदूळ हवा? आणि ते पोटातून जावे की वरून लावावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कुळागर (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, साखळी)

अबोलीताई, तुमच्या प्रश्नातल्या ‘असते काय’ या भागाचे उत्तर सरळ होकारार्थी आहे. अडचण त्यापुढे सुरू होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तांदळाचा रंग दाण्याच्या आतल्या पिठूळ भागात नसून तुसाच्या खालच्या पातळ सालीत, म्हणजे ज्याचा पुढे कोंडा होतो त्या थरात असतो. हा थर दाण्याच्या वजनाच्या साधारण आठ ते दहा टक्केच भरतो. काळ्या तांदळाच्या सालीत अँथोसायनिन गटातली रंगद्रव्ये असतात, त्यांत सायनिडिन-३-ग्लुकोसाइड मुख्य आणि त्याखालोखाल पिओनिडिन-३-ग्लुकोसाइड. तांबड्या तांदळाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा रंग प्रोअँथोसायनिडिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ही कॅटेचिनच्या रेणूंची साखळी असते, चहाला आणि कच्च्या केळ्याला तुरटपणा देणाऱ्या टॅनिनांच्याच कुळातली, आणि न सडलेल्या (गिरणीत साल न काढलेल्या) तांबड्या भाताला जी किंचित तुरट चव असते ती तिचीच. सायनिडिन-३-ग्लुकोसाइड तांबड्या तांदळात असले तरी नाममात्र असते. म्हणून ‘काळ्यात जे आहे तेच तांबड्यात’ असे म्हणता येत नाही, आणि ‘तांबड्यात काहीच नाही’ असेही नाही. भाताच्या रानटी पूर्वजांची साल तांबडीच होती. एका जनुकात १४ अक्षरांचा तुकडा गळाल्यामुळे ती पांढरी झाली आणि माणसाने ती पांढरी वाणे शतकानुशतके निवडून वाढवली, हे २००६ साली संशोधकांनी दाखवून दिले.

रंगाची ओळख स्वयंपाकघरातही पटते. काळा तांदूळ तासभर भिजत घाला, पाणी जांभळे होईल. त्यातले थोडे वाटीत घेऊन लिंबू पिळा, ते लगेच लालसर गुलाबी होईल. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाका, पाणी निळसर, हिरवट होत जाईल. अँथोसायनिनचा रंग आम्लतेबरोबर असा बदलतो. कोरगुटाच्या पाण्याला हा प्रयोग लागू पडत नाही.

आता त्वचेशी संबंध. उन्हातले अतिनील किरण त्वचेत शिरले की तिथे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांच्या इशाऱ्याने त्वचेतल्या पेशी कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन) कापणारी विकरे अधिक प्रमाणात सोडतात आणि नवे कोलॅजन कमी बनवतात. वर्षानुवर्षे हे चालले की त्वचा सैल पडते आणि सुरकुतते. प्रयोगशाळेत माणसाच्या त्वचेच्या पेशींवर आधी काळ्या तांदळाचा अर्क घालून मग अतिनील किरण सोडले, तर ती विकरे कमी सुटतात आणि कोलॅजनची हानी कमी होते, असे निष्कर्ष पुन्हा पुन्हा आले आहेत. थायलंड, दक्षिण कोरिया आणि जपान या भातखाऊ देशांत असे काम बरेच झाले आहे. त्यात खोटे काही नाही. पण काचेच्या बशीतल्या पेशीवर अर्क थेट पडतो, आणि आपण जेवतो तेव्हा तो शिजतो, पचतो, यकृतातून जातो आणि मग उरलासुरला त्वचेकडे वळतो.

शिजवतानाच सायनिडिन-३-ग्लुकोसाइडचा मोठा भाग मोडतो आणि त्यातून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल तयार होते. पोटात गेलेल्यापैकी मूळ रूपात रक्तात पोचणारा अंश फार थोडा असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ पुरुषांना खुणेचा कार्बन बसवलेले हेच द्रव्य ५०० मिलिग्रॅम देण्यात आले. त्यातल्या सुमारे १२ टक्के कार्बनाचा माग लघवीत आणि उच्छ्वासात मिळून लागला, आणि रक्तात जे सापडले ते बहुतांशी मोडून तयार झालेले छोटे रेणू होते. हे छोटे रेणूही निरुपयोगी नसतात, परंतु ‘काळा भात खाल्ला की अँथोसायनिन गालांपर्यंत पोचते’ हे जाहिरातीतले चित्र मात्र टिकत नाही. तांबड्या तांदळातल्या लांब साखळ्या तर आतड्यात जवळजवळ शोषल्याच जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करतात तेवढेच.

वेष्टनावर ‘अमुक इतकी अँटिऑक्सिडंट क्षमता’ असा आकडा दिसला तर त्याकडे दुर्लक्ष करा. परीक्षानळीतल्या अशा आकड्यांची एक मोठी सूची अमेरिकेच्या कृषी खात्याने ठेवली होती. त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी मेळ बसत नाही आणि कंपन्या त्यांचा गैरवापर करतात, असे कारण देऊन त्याच खात्याने ती २०१२ साली काढून टाकली.

मानसकर (शेतकरी, तिसवाडी)

सरांनी दाण्याच्या आतले सांगितले, मी दाणा ताटापर्यंत कसा येतो ते सांगतो, कारण माझ्या मते निम्मा प्रश्न गिरणीतच निकाली निघतो.

कोरगुट हे खाऱ्या पाण्याला दाद न देणारे भात आहे. बांध फुटून किंवा मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारे निकामी होऊन नदीचे खारे पाणी आत आले की जया, ज्योतीसारखी वाणे पिवळी पडतात आणि कोरगुट उभे राहते. लोंबीला लांब कुसे असतात, काड उंच वाढते आणि जोराच्या पावसात आडवे होते. उतारा कमी, म्हणून ते लावणारे कमी. दाणा तांबडा, जाडसर. बाजारात ‘गोव्याचे उकडे’ म्हणून जे मिळते ते बहुतेक ज्योतीचे असते. ज्योतीचाही दाणा तांबडाच, पण ते केरळात तयार झालेले वाण. चवीत मला कोरगुट सरस वाटते, हा पक्षपात समजून सोडून द्यावा.

भात उकडायची आमची रीत अशी : रात्रभर भिजवायचे, सकाळी तांब्याच्या भाणात थोड्या पाण्यावर वाफ येऊन तुसाची तोंडे उघडेपर्यंत उकडायचे, मग मांदरीवर उन्हात पसरून पायाने चाळवत वाळवायचे. वाळवण नेमके लागते. कमी वाळले तर कुबट वास येतो, जास्त तडतडले तर गिरणीत कण्या होतात. उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वे आत दाण्यात उतरतात, असे आम्हाला कृषी खात्याच्या शिबिरात सांगितले होते. रंगाचे काय होते ते सरांनी सांगावे.

गिरणीवाला मात्र न विचारता तांदूळ दोनदा सडून देतो, कारण गिऱ्हाइकाला पांढुरका, लवकर शिजणारा तांदूळ हवा असतो. अशा तांदळाच्या अंगावर तांबडी साल रेघांपुरती उरते. बाकी सारी कोंड्यात जाते आणि तो कोंडा म्हशीला घालतात. तेव्हा अबोलीताई, तुमच्या सासूबाईंचे कोरगुट कितीही अस्सल असले तरी ते किती सडलेले आहे हे आधी पाहा. मूठभर तांदूळ पांढऱ्या कागदावर घ्या. दाणा सगळीकडून तांबडा, तेलकटसर झाक असलेला दिसला तर साल शाबूत आहे. पांढऱ्या अंगावर तुटक तांबड्या रेघा दिसल्या तर पोषण म्हशीने खाल्ले.

कुळागर

मानसकरांनी नेमक्या जागी बोट ठेवले. उकडण्याने ब गटातली जीवनसत्त्वे आत उतरतात हे खरे, परंतु तांबड्या आणि काळ्या तांदळातली सुटी फिनॉलिक द्रव्ये उकडताना कमी होतात. काही भिजवलेल्या पाण्यात जातात, काही उष्णतेने मोडतात आणि काही दाण्यातल्या इतर घटकांना घट्ट चिकटून बसतात. म्हणजे सुरय (न उकडलेला) तांदूळ, न सडलेला, हा रंगद्रव्यांच्या दृष्टीने उकड्याहून वरचढ ठरतो. पेजेसाठी उकडाच लागतो, त्यावर माझा वाद नाही.

डॉ. वेलतीर (त्वचारोगतज्ज्ञ, मडगाव)

पोटातल्या वाटेबद्दल सरांनी लिहिले आहे, म्हणून मी वरून लावण्याबद्दल लिहितो. रोज असे एक तरी क्रीम माझ्या टेबलावर येते.

त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर फार कडक पहारेकरी आहे. ढोबळ नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) मोठा रेणू त्यातून सहसा आत जात नाही. काळ्या तांदळातले सायनिडिन-३-ग्लुकोसाइड सुमारे ४४९ डाल्टनचे असते, म्हणजे आकाराने कसेबसे बसणारे. पण ते पाण्यात विरघळणारे आणि विद्युतभारित असल्याने तेलकट थरातून आत सरकणे त्याला जड जाते. तांबड्या तांदळातल्या साखळीचा अगदी दोन कड्यांचा तुकडाही ५७८ डाल्टनचा, तेव्हा तो बाहेरच राहतो. याउलट फेरुलिक आम्ल १९४ डाल्टनचे आहे. तांदूळ रंगीत असो वा पांढरा, त्याच्या कोंड्यात ते असते, अतिनील किरण स्वतः शोषते आणि त्वचेत शिरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्व यांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल मिसळले, तेव्हा ते द्रावण अधिक टिकले आणि त्याचे उन्हापासूनचे संरक्षण सुमारे चौपटीवरून आठपटीवर गेले. तो प्रयोग डुकराच्या त्वचेवर होता, तरी आज बाजारात मिळणारी अनेक सीरमे त्याच सूत्रावर उभी आहेत. माझे मत असे की त्वचेच्या दृष्टीने तांदळातला सर्वांत कामाचा घटक रंग नसून हे रंगहीन आम्ल आहे, आणि जाहिरात मात्र रंगाची होते, कारण रंग दिसतो.

अबोलीताई, डबी उलटी करून घटकांची यादी वाचा. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिण्याचा दंडक आहे आणि त्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. यादीत फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक बहुधा सापडेल, आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालण्यास परवानगी नसते. काळ्या तांदळाचा अर्क त्याच्या नंतर लिहिलेला असेल, तर तोही एक टक्क्याच्या आतलाच आहे असे समजावे. दुसरी खूण रंगाची. त्वचेला मानवणारे क्रीम किंचित आम्लधर्मी, साधारण पाच सामूचे असते आणि त्या आम्लतेला अँथोसायनिन बहुतांशी फिके पडते. तरीही क्रीम गडद जांभळे असेल, तर तो रंग वेगळा मिसळलेला असण्याचा संभव अधिक.

आता तुमच्या वांगाविषयी, कारण मला ती खरी तक्रार वाटते. आपल्या वर्णाच्या त्वचेवर उन्हाचा परिणाम सुरकुत्यांआधी डागांच्या रूपाने दिसतो. वांगाला अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही कारणीभूत असतो आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन त्याला अडवत नाही. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे. किमान ३० एसपीएफचे, पुरेसे जाड लावलेले आणि बाहेर असताना दोन-अडीच तासांनी पुन्हा लावलेले. मार्च ते मे या काळात गोव्यात दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे अतितीव्र वर्गात जातो. पावसाळ्यात ढग असले तरी किरण थांबत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तांदळाच्या कोणत्याही क्रीमच्या मागे या तोडीचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. रेषांसाठी रात्री लावायचे ट्रेटिनॉइन हे औषध आहे, परंतु ते डॉक्टरांना विचारून, आणि गर्भारपणात मुळीच नाही.

सुरंगी (पेडणे)

डॉक्टर, एक शंका. माझी आजी जन्मभर तांदळाच्या पेजेच्या निवळीने तोंड धुवायची आणि ऐंशीव्या वर्षीही तिच्या गालांना तुकतुकी होती. आमच्याकडे बहुतेक घरांत अशी एक आजी निघते. हे सगळे योगायोगच म्हणायचे काय?

डॉ. वेलतीर

सुरंगीताई, योगायोग म्हणून झटकून टाकणार नाही. निवळीतले पिष्ट त्वचेवर पातळ पापुद्रा धरते, ओलावा टिकवते आणि खाज शमवते. गालांची तुकतुकी त्याने तेवढ्यापुरती नक्की वाढते, आणि साबणापेक्षा निवळ केव्हाही सौम्य. पण त्याच आजी शेतात जाताना डोक्यावर काय घेत असत तेही आठवून पाहा. इरले, पदर, टापशी यांतले काहीतरी असायचेच, आणि भर दुपारी घरात असायच्या. मानेची त्वचा आणि दंडाच्या आतली त्वचा यांतला फरक पाहिला तर उन्हाचा वाटा किती हे कोणत्याही आजीच्या अंगावर वाचता येते. एकच सावधगिरी बाळगा : निवळ ताजी वापरा, आणि कोरड्या तांदळाच्या पिठाने चेहरा खसाखसा चोळू नका. वांग असलेल्या त्वचेला घर्षणाने डाग आणखी गडद होतात.

अबोली, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. डबी उलटी केली. काळ्या तांदळाचा अर्क फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली तिसरा आहे, आणि त्याखाली वेगळ्या मिसळलेल्या रंगाचा क्रमांकही छापला आहे. जाऊबाईंना हे कसे सांगायचे तो माझा घरगुती प्रश्न. आणखी एक विचारते. माझे हिमोग्लोबिन दहाच्या आसपास असते आणि सासूबाईंना मधुमेह आहे. न सडलेला तांदूळ रोज खाण्यात आम्हा दोघींना काही अडचण?

कुळागर

सासूबाईंसाठी ठीक आहे. कोंड्याची साल असलेला तांदूळ हळू पचतो, रक्तातली साखर पांढऱ्या तांदळाच्या मानाने कमी वेगाने चढते. मात्र वाटीचे माप तेच ठेवावे, कारण पिष्ट तितकेच असते. साखर ताब्यात राहण्याचा त्वचेलाही उपयोग होतो, कारण जादा साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना ताठर आणि ठिसूळ बनवते. तांदळामुळे त्वचेला होणाऱ्या फायद्यात या वाटेचा हिस्सा रंगद्रव्यापेक्षा मोठा असावा, असे मला वाटते.

तुमच्या बाबतीत थोडे जपून. तांबड्या सालीतली टॅनिने आणि कोंड्यातले फायटिक आम्ल अन्नातले लोह बांधून ठेवतात. भाताबरोबर लिंबू, आवळ्याचे लोणचे किंवा ताजी कोथिंबीर असू द्या, शक्य तर मासळीही. जेवणानंतर लगेच चहा नको. हिमोग्लोबिन दहा असेल तर त्याचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्या, ते तांदळाने भरून निघणार नाही.

कोंड्यात आर्सेनिकही पांढऱ्या भागापेक्षा जास्त साठते. भरपूर पाण्यात तांदूळ शिजवून वरचे पाणी काढून टाकण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीने ते बरेच कमी होते. पण त्याच पाण्यात काळ्या तांदळाचे अँथोसायनिनही निघून जाते. मी काळा तांदूळ महिन्यातून क्वचित, खिरीला वापरीन आणि तोही पाणी न टाकता. रोजच्या जेवणाला तांबडा, पाणी काढून.

मानसकर

अबोलीताई, गिरणीत भात घालताना ‘एकच हात, पॉलिश नको’ असे आधी सांगा आणि तांदूळ येईपर्यंत तिथेच उभ्या राहा. साल असलेला तांदूळ फार दिवस टिकत नाही, कोंड्यातल्या तेलाला खवट वास येतो आणि किडाही लवकर लागतो, म्हणून वर्षाचे एकदम सडून आणू नका. भात तुसासकट कणग्यात किंवा पोत्यात राहू द्या आणि महिना-दीड महिना पुरेल एवढेच काढून न्या. पाच-दहा किलोसाठी मोठी गिरण मशीन चालवत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांचे भात एकत्र करून न्यावे लागते, आणि आपापल्या वाटणीचे माप आधीच लिहून ठेवावे.